कोपराची खूण

चि. भाचीबाईंस मामाचे आशीर्वाद.

तुझ्या आईची दृष्टी गेली, त्याला पाच महिने झाले. "तिला कळलं तर शिक्षण सोडून धावत येईल. खबरदार!" असा ताईने मला दम दिला. म्हणून संस्कृत शिकवून उरलेली प्रतिभा मी खोटेपणाला वाहिली. व्हिडिओ कॉलवर तू काही दाखवलंस की मी तिच्या कोपराला हात लावतो आणि ती म्हणते, "छानच गं!" तुझी परदेशातली खोली, जाड कोट, करपलेला भात, सगळंच छान.

मागच्या रविवारी तू केस कापून आलीस. "आई, केस बघ ना!" मी थक्क, खूण करायचीच राहिली, आणि ताईने आपल्या मनानेच ठोकून दिलं, "लांब वेणी शोभते हो तुला."

तू कापलेल्या केसांवरून हात फिरवलास आणि फोन ठेवलास.

काल व्हिडिओ न लावताच फोन केलास. "आई, ऐक. खिडकीबाहेर पिवळं झाड आहे. खाली एक आजोबा कुत्र्याला स्वेटर घालतायत, तो ऐकत नाहीये." अर्धा तास सांगत होतीस. शेवटी विचारलंस, "परीक्षा देऊनच येऊ ना?"

"देऊनच ये."

डोळ्यांचा विषय दोघींनीही काढला नाही, तेव्हा हे पत्र मीही पोस्टात टाकत नाही. फोन ठेवल्यावर ताई पदर भिजेपर्यंत बसून होती. तेवढ्या कामापुरते तिचे डोळे अजून चालतात.

तुझा,
नोकरी गेलेला दुभाषी मामा