तुमच्या टेकडीवरचं गवत

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले, लिहिलं मात्र कधी नाही. आज लिहितेय, कारण काल तुमच्या टेकडीवर जाऊन आले आणि तेव्हापासून एकटीच हसतेय. सूनबाई दोनदा स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

आरमोरीपलीकडची ती टेकडी! लग्न माझ्याशी केलंत आणि संसार तिच्याशी. मी तिला सवत म्हणायचे, तुम्ही नुसते हसायचात. इथे चंद्रपुरात पाहुणे पाटावर बसलेले आणि आमचे शास्त्रज्ञ साहेब बांबूची बेटं मोजत रानात! किती जणांना किती कारणं सांगितली मी?

मग त्या बांबूला फुलोरा आला. आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. अख्खी टेकडी वाळली. पायथ्याच्या ज्या गावकऱ्यांचं पोट त्या बांबूवर, त्यांना तुम्ही ग्रामसभेत सांगितलंत की बी जमिनीवर पडू द्या, काही वर्षं गुरं-शेळ्या वर नेऊ नका, बांबू परत येईल. त्यांच्यातल्या मनिरामभाऊंनी तर तुमच्या शब्दावर शेळ्या विकून टाकल्या. घरी आल्यावर मी विचारलं, नाही आला तर? तुम्ही वही उघडून बेटांचे आकडे मांडत बसलात.

त्याच पावसाळ्यात तुम्ही अंथरुणाला खिळलात. मला म्हणालात, तू बघून ये. गेले. वाळक्या बांबूंखाली काय होतं? गवत! वीतभर, बारीक पातीचं. बांबूचा एक कोंब दिसेना. येताना बसमध्ये रडले. तुमच्यापुढे खोटं बोलायचं ठरवून आले होते, पण तुम्ही असे रोखून बघितलंत की खरं तेच बाहेर पडलं.

"गवतच आहे नं? मंग झालं," म्हणालात आणि डोळे मिटलेत. त्याच रात्री तुम्ही गेलात.

मला वाटलं, तुम्ही हाय खाल्ली. तीही माझ्या बोलण्यानं. इतकी वर्षं ते "मंग झालं" उरावर घेऊन जगले. इथे बाजारात त्या गावचं कुणी दिसलं की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचे. त्यांच्या शेळ्या गेल्या, चराई गेली, शब्द देणारा माणूसही गेला. काय तोंड दाखवणार?

परवा मनिरामभाऊंचा फोन आला. टेकडीवर पहिली तोड आहे, बाई, तुम्ही पाहिजेच. तोड? कशाची?

अहो, बांबूची! माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेलाय, खाली गार सावली. मी भाऊंना म्हटलं, मी आले होते तेव्हा तर इथे नुसतं गवत होतं.

"बाई, तेच तं गवत हाये हे. बांबू लहानपणी तसाच दिसते."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं! तुम्ही खचून नाही, निश्चिंत होऊन डोळे मिटलेत. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! मागोमाग रागही आला. एक वाक्य जास्त बोलला असतात तर काय बिघडलं असतं? आपल्या बायकोला बांबूतलं ओ की ठो कळत नाही, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?

मनिरामभाऊंनी परत शेळ्या घेतल्यात. पहिला तोडलेला बांबू त्यांनी माझ्याच हातात दिला. बसमध्ये मावेना, कंडक्टर कुरकुरला, तरी आणलाच. परसात आडवा बांधून घेतलाय, आज त्यावर माझ्या साड्या वाळताहेत.

तर आता शब्द देते. टेकडीला पुन्हा सवत म्हणणार नाही. तिचा पुढचा फुलोरा बघायला मी काही नसेन, पण नातीला बजावून ठेवीन की वाळल्या बांबूखाली गवत दिसलं तर आधी वाकून नीट बघायचं. आपल्या घरातलं कुणी पुन्हा बसमध्ये रडत यायला नको.

तुमचीच,
सुमन