काकांच्या नावावरच्या अकरा लढती

४ मार्च

ती. काकांस,
ठमीचा शि. सा. न.

पत्र मिळालं. गुडघा कुरकुरतो म्हणून लिहिलंत आणि पुढच्याच ओळीत कुणाचं तरी शिलाई मशीन तिसऱ्या मजल्यावर जाऊन दुरुस्त केल्याचंही लिहिलंत. मला तुमच्या गुडघ्याची दया येते, तुमची नाही.

बाबा आहेत तसेच. दाढी करून देते तेव्हा गाल आपणहून फुगवतात, तेवढंच. बाकी दिवसभर खिडकीशी बसून. परवा मला त्यांनी अहो बाई म्हणून हाक मारली आणि पाणी मिळेल का असं विचारलं, इतक्या अदबीने की मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

ऑफिसात जुन्या बॉक्सरांच्या पुस्तकाची घाई चालू आहे. नोंदी मी जमवायच्या आणि कोण केवढा मोठा ते समितीने ठरवायचं. समितीत तिघं आहेत: एक निवृत्त पंच, एक जुने क्रीडा पत्रकार आणि आकडेमोड करणारे एक प्राध्यापक. तिघं रोज भांडतात, कारण तोलायला हातात धड काहीच नाही. आपल्या गावचा जिंकला तर वर्तमानपत्रात अर्धं पान, हरला तर चार ओळीही नाहीत. कुणाच्या वजनाचा पत्ता नाही, कुठे प्रतिस्पर्ध्याचं नुसतं आडनाव. एका पठ्ठ्याने एकाच संध्याकाळी दोन गावांत लढती दिल्यात. दुसरा तर मेल्यानंतर तीन वर्षांनी गुणांवर जिंकलाय!

तरी बाबा, आपले 'पोलाद', सध्या चौथ्या क्रमांकावर आहेत. अडतीस लढती, पस्तीस विजय. बाबांचं नाव निघालं की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहते, उगाच कुणी बोट दाखवायला नको.

आता गंमत. काल संघटनेच्या नोंदवह्या चाळताना तुमचं नाव दिसलं. आडनाव आपलं, पहिलं नाव तुमचं, जन्मतारीखही तुमचीच. अकरा लढती! एक जिंकलात, एक बरोबरीत, नऊ हरलात. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारे माझे काका रिंगमध्ये उतरले आणि घरात कुणी चकार शब्द काढला नाही? सविस्तर लिहा, नाहीतर मी समितीत तुमच्या बाजूने भांडणार.

पत्राची वाट पाहते. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
ठमी


११ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरुणपणी गाढवपणा कोण करत नाही? केला मी, अकरा वेळा केला. नऊ वेळा मार खाल्लेल्या माणसाने त्याचं काय कौतुक सांगायचं? ती पानं तू पाहिलीच नाहीस असं समज आणि वही मिटून ठेव.

त्यापेक्षा दादाच्या पुढचे तिघे कोण ते कळव. त्यांतल्या दोघांना तरी मी रिंगच्या कोपऱ्यातून, दादाची बादली सांभाळताना पाहिलं असणार. दादाचा डावा हात कुठून यायचा ते समोरच्याला कळायचंच नाही, कळायचं ते खाली बसल्यावर. तुमच्या प्राध्यापकांना म्हणावं, तो हात कागदावर कसा मोजणार आहात?

दादाला अंघोळीनंतर थंडी वाजते, पाठ नीट पुसत जा. त्याला माझं नाव आठवतं का ते लिहू नकोस, मी विचारलेलं नाही.

गुडघा बरा आहे. तू जपून राहा आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.
तुझा,
काका


२९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न.

वही मिटून ठेवता आली नाही. त्या अकरा जणांपैकी एक जण हयात आहे असं पत्रकारांकडून कळलं. तुमची शेवटची लढत त्याच्याशी झाली, आठव्या फेरीत तुम्ही नॉकआउट. म्हटलं, आपल्या काकांना ज्याने लोळवलं त्याला एकदा बघून तरी यावं. रविवारी गेले.

बेकरीवाला आहे. आता भट्टी मुलगी सांभाळते, हा गल्ल्यामागे खुर्ची टाकून बसतो. तुमचं नाव सांगितल्यावर त्याने आधी हात पुसले. तुम्ही जिवंत आहात का, हे पहिलं विचारलं. हो म्हटल्यावर त्याने मला खुर्ची ओढून दिली. म्हणाला, चव्वेचाळीस वर्षं हेच वाटत होतं की मी त्या माणसाला संपवलं.

मग सगळं सांगितलं. पाचव्या फेरीपासून समोरच्याला डावीकडचं काही दिसत नव्हतं. त्या बाजूने नुसता हात उचलला तरी चेहरा तसाच उघडा. बेकरीवाल्याने म्हणे समोरच्याच्या कोपऱ्याकडे तीनदा पाहिलं, टॉवेल टाका, लढत थांबवा म्हणून भुवयांनी खुणावलं. कोपऱ्यातला माणूस टॉवेल मुठीत आवळून उभा होता. चेहऱ्याने समोरच्यासारखाच, भाऊ असावा असं त्याला वाटलं. शेवटी त्याने ठोसे हलके केले, तर लोक शिट्ट्या मारायला लागले आणि पंचाने त्यालाच ताकीद दिली. आठव्यात त्याने एकच जोरात मारला, म्हणाला, लवकर संपावं म्हणून.

निघताना त्याने सहज सांगितलं की समोरचा डावखुरा होता, असा डावा हात आयुष्यात पुन्हा पाहिला नाही.

काका, तुम्ही उजव्या हाताने जेवता, लिहिता, स्क्रू फिरवता. बाबा डावखुरे. बाबांच्या डाव्या डोळ्याला मार बसला म्हणून मी एक वर्षाची असताना संघटनेच्या डॉक्टरांनी त्यांचं खेळणं कायमचं बंद केलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आणि या अकरा लढती त्यानंतरच्या दोन वर्षांतल्या. तेव्हा तुम्ही दोघं मशीन दुरुस्तीच्या दौऱ्यावर जायचात. एकदा बाबा टाके घालून आले आणि मशीनची पेटी उतरवताना जिन्यावरून घसरले असं तुम्ही आईला सांगितलंत. मी तेव्हा तीन वर्षांची असेन, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी पलंगाखाली लपले होते ते मला आठवतं.

कोपऱ्यात कोण उभं होतं?

ठमी


९ एप्रिल

चि. ठमीस आशीर्वाद.

मी होतो.

डॉक्टरांकडे मी गेलो, माझी छाती ठोकून पाहिली, माझे डोळे तपासले, सहीही मी केली. फोटो एवढासा, मिशा सारख्या. रिंगमध्ये दादा उतरायचा. लांबच्या गावांत, जिथे त्याला कुणी चेहऱ्याने ओळखत नव्हतं तिथे.

तुला वाटेल दादाने मला भरीला घातलं. तसं लिहायला बसलो होतो, तो कागद फाडला. बंदी आल्यावर दादा चार महिने घरात गप्प बसून होता, पण बसला होता. तुला खांद्यावर घेऊन फिरायचा. विषय मी काढला. लहानपणापासून मी त्याच्या कोपऱ्यात होतो. त्याची बादली, त्याचं स्टूल, त्याच्या हातांच्या पट्ट्या, याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. दुरुस्तीचे दौरे नुसते नावाला होते, मशीनं मी नंतर शिकलो. तो थांबला तेव्हा लोकांनी त्याला धीर दिला. माझंही काही थांबलंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी त्याला म्हटलं, एकदाच, माझ्या नावावर. ती पहिली तो जिंकला. जिंकला नसता तर बरं झालं असतं.

नंतरच्या तू वहीत पाहिल्याच आहेस. प्रत्येक वेळी तो म्हणायचा पुढच्या वेळी डावी बाजू झाकून खेळेन, आणि मी म्हणायचो हो.

आता टॉवेलचं. पाचव्या फेरीनंतर तो स्टुलावर बसला आणि त्याने मला विचारलं की दिवे का घालवले. तेव्हाच टाकायचा. पण टॉवेल टाकला की रिंगचा डॉक्टर वर येतो, पहिला डोळाच बघतो, आणि माझ्या सर्टिफिकेटवर दोन्ही डोळे उत्तम असं लिहिलेलं. मला वाटलं तीन फेऱ्याच उरल्यात, निघतील. त्या बेकरीवाल्याने माझ्याकडे तीनदा नाही, चारदा पाहिलं.

त्यानंतर दादाची जीभ अडखळायला लागली. पुढे हात थरथरायला लागला, पुढे काय काय झालं ते तू रोज पाहतेस. वयोमान म्हणून सांगायला डॉक्टरांना सोपं जातं. मला नाही जात.

वहिनीला माहीत होतं की नाही, मला आजही कळलेलं नाही. त्याचे टाके तिने घरीच काढले, कात्री धुऊन ठेवली आणि मला जेवायला थांबवून घेतलं.

सोबत सहीचा कागद जोडला आहे, सगळं कबूल केलंय. तुझ्या समितीपुढे ठेव किंवा चुलीत घाल. दादाचा चौथा क्रमांक जाईल म्हणून तू ठेवू नयेस असं वाटतं. ठेवावास असंही वाटतं. मी ठरवू शकत नाही, आणि ठरवलं तेव्हा काय झालं ते वर लिहिलंय.

रागावली असशील तरी दोन ओळी टाक.
काका


२ मे

ती. काकांस,
नमस्कार.

कागद समितीपुढे ठेवला. आठ दिवस पिशवीत घेऊन फिरले, मग ठेवला. तुमच्यासाठी नाही आणि बाबांसाठीही नाही. नऊ माणसांनी 'पोलाद'ला हरवलं होतं आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. आठ जण तसेच गेले. बेकरीवाल्याला तरी कळावं असं वाटलं.

मला वाटलं होतं की त्या अकरा लढती बाबांच्या नावावर चढतील, क्रमांक घसरेल, दहावा होईल, विसावा होईल. तसं झालं नाही.

प्राध्यापक म्हणाले, वहीत डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, पंचाची सही आहे, निकालपत्र आहे. जो माणूस तेव्हा कागदावर खोटं लिहून गेला त्याच्या आजच्या कागदावर विश्वास का ठेवायचा? त्यामुळे अकरा लढती तुमच्याच नावावर राहणार. पत्रकार मध्ये बोलायला गेले, त्यांना थांबवलं. मग बाबांच्या अडतीस लढती काढल्या. त्या काळी संघटनेची वहीच नव्हती, ती बाबांवर बंदी आल्यावर सुरू झाली. नऊ लढतींना सहीचा कागद आहे, बाकी सगळी कात्रणं. आजवर ती कात्रणं बाबांच्या लौकिकावर चालून गेली. आता लौकिकाबद्दलच शंका, म्हणून एकोणतीस बाद. पुस्तकात यायला किमान वीस लागतात.

म्हणजे तुमचा कागद खरा धरला नाही, पण बाबांना काढायला तो पुरला.

निवृत्त पंच बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहिले. त्यांनी बाबांची एक लढत विद्यार्थी असताना भिंतीवर चढून पाहिली होती. हे आत का नाही सांगितलंत असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगितलं, पण भिंतीवरून पाहिलेलं मोजत नाहीत.

बेकरीवाल्याला सांगून आले. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं. तो रडायला लागला. म्हणाला, मी ज्याच्या लढती पेपरात वाचून खेळायला लागलो, त्यालाच?

बाबांना काही सांगितलं नाही. सांगायला कुणी नाही.

ठमी


१० मे

चि. ठमीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. समितीला काही लिहिण्यात अर्थ नाही, माझ्या अक्षराची किंमत कळली.

मला एकदा दादाकडे यायचं आहे. त्याला कळणार नाही हे तू सांगू नकोस, मला ठाऊक आहे. कळत होतं तेव्हा मी आलो, जेवलो, हसलो, गेलो, आणि बोललो नाही. तू हो म्हणालीस तर येईन. शिडीसारखे जिने असले तरी येईन.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
काका


२१ सप्टेंबर

ती. काकांस,
ठमीचा नमस्कार.

मे महिन्यापासूनची तुमची तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही. लिहायला बसले की टॉवेल आवळलेली मूठ दिसायची आणि त्याच हाताचं बोट धरून मी शाळेत गेले तेही दिसायचं. दोन्ही एकाच पत्रात मावेनात.

बाबा आता गिळायचं विसरत चालले आहेत. घास तोंडात तसाच राहतो, गळ्यावरून हलकेच हात फिरवला की आठवतं. डॉक्टर म्हणाले, हिवाळा निघेल असं धरून चालू नका. यायचं असेल तर सकाळी अकराच्या आत या, तेव्हा डोळे उघडे असतात. बोलायचं ते बोला, मी तेवढा वेळ दुकानात जाऊन येईन. माझ्याकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नका. बाबांच्या वतीने माफ करायचा अधिकार मला नाही, आणि माझ्या वतीने अजून जमत नाही. जमेल असंही दिसत नाही.

पुस्तक छापून आलं. चांगला जाड कागद, फोटो स्वच्छ. बाबांचं नाव कुठेही नाही. कुणाच्या लढतीत प्रतिस्पर्धी म्हणूनसुद्धा नाही. सहीच्या नऊ लढतींतले प्रतिस्पर्धी पुस्तकात आलेच नाहीत, आणि बाकी जिथे ते होते तिथे 'अज्ञात' असं छापलंय, मी मोजलं नाही किती वेळा. बेकरीवाल्याच्या पानावर शेवटून तिसरी ओळ तुमची आहे.

आणि शेवटी एक परिशिष्ट आहे. त्या काळातल्या ज्या बॉक्सरांच्या पहिल्यापासून शेवटच्या लढतीपर्यंत सगळ्या नोंदी सहीनिशी सापडल्या, ज्यांच्या हिशोबात एकही जागा रिकामी नाही, त्यांची यादी; इथे वीस लढतींची अट नाही. साडेतीनशे माणसांतून अशी फक्त सहा नावं निघाली.

काका, त्यांत चौथं नाव तुमचं आहे.

प्रत सोबत पाठवते आहे.
ठमी