राणी विसरली होती की नाही

आई,

सकाळपासून तुझी पणती फोनवर भांडते आहे. तू तिला पाहिलेलं नाहीस. कॉलेजात जाते, आणि जादूगार, राजे, शापित तलवारी असल्या विटेएवढ्या जाड पुस्तकांचे भागच्या भाग वाचते. आज भांडण कशावरून, तर त्या पुस्तकातल्या म्हाताऱ्या जादूगाराने आपल्याच शिष्याला दगा का दिला. मला आधी वाटलं कुणा ओळखीच्या माणसाचं चाललंय, आणि मी उठून तिच्या दाराशी गेलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुणी मोठ्याने बोललं की आपल्याच घरावर काही आलं असं मला वाटतं, ते अजून गेलेलं नाही. मी तिला म्हटलं, "अगं, पुस्तकात लिहिलंच असेल ना कारण." तर म्हणते, "लिहिलेलं नाहीये आजोबा, तेच तर! ही आमची थिअरी आहे." मी बरं म्हटलं. पण मनात आलं, हे आपल्या अंगणात बिड्या वळता वळता व्हायचं, तेव्हा आपल्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. मी गिरणीत बदली कामगार. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कायमचा माणूस गैरहजर असला तर आत घ्यायचे, नाहीतर परत. काम मिळालं तर घरात चार पैसे, नाही मिळालं तर वाचन. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की तुझा चेहरा पडायचा, आणि लगेच तू शेजारी हाक मारायचीस, "आलं गं वाचणारं, या!" दोन्ही खरं असायचं. पलीकडच्या खोलीतली तेलुगू अक्का आपलं सूप उचलून यायची, समोरच्या घरातली खाला यायची. तुम्ही तिघी भिंतीच्या सावलीला बसायचात, मांडीवर सूप, त्यात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात पानं. मी उंबऱ्यावर. तुम्हा तिघींनाही मराठी वाचता येत नव्हतं, आणि मी सातवी नापास. जोडाक्षर आलं की अडखळायचो, आणि तेवढ्यात अक्का म्हणायची, "अय्यो, राजाला दारात उभं केलास आणि थांबलास काय!"

भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानातून मी ती कादंबरी आणायचो. सात-आठ भागांची. दुकानदार प्रत्येक वेळी कुरकुर करायचा, की तुमच्याकडून आलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास येतो, पुढचं गिऱ्हाईक शिंकतं. आणि मी दर वेळी घाबरायचो की पुढचा भाग देणार नाही. त्यातली विद्या वेगळी होती. मंत्राला तेलवात लागत नसे, लागायची आठवण. विद्या वापरली की वापरणाऱ्याची एक आठवण जळून जायची. जेवढी मोठी विद्या, तेवढी मोलाची आठवण. मिठाच्या किल्ल्यातली राणी ही विद्या जाणणारी, आणि तिचा मुलगा तान्हा असतानाच एका नावाड्याच्या घरी वाढायला गेलेला. चौथ्या भागात तो मोठा होऊन कैदी म्हणून तिच्यापुढे उभा राहतो. ती त्याच्याकडे बघते, आणि सांगते, याला दरीत टाका. डोळ्याची पापणी हलत नाही.

त्या दिवशीच्या तुमच्या बिड्या कारखान्यात गेल्या तेव्हा मुकादमाने निम्म्या छाट म्हणून बाजूला काढल्या होत्या, सैल वळल्या म्हणून. "एवढ्या सैल कशा?" असं त्याने विचारलं, तर खाला त्याला म्हणाली होती, "तुमकू क्या मालूम, उधर बच्चेकू दरी में फेक रहे थे." त्यानंतर तुम्ही ठरवूनच टाकलं, की मारामारीचं आणि रडारडीचं वाचायचं ते पानं कापताना, तंबाखू भरताना नुसतं जंगलाचं नि बाजाराचं वर्णन वाचायचं. मी पुढची पानं चाळून कुठे काय आहे ते आधी सांगायचो. कादंबरी अशी कामाच्या हिशोबाने पुढेमागे वाचलेली मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

पण राणीने असं का केलं, हे काही मिटेना. अक्काचं म्हणणं, ती राणी नाहीच. तिसऱ्या भागात आरशांच्या महालात आग लागली, तेव्हाच खरी राणी गेली आणि तिच्या रूपाची दुसरी बाई गादीवर बसली. खालाला हे पटायचं नाही. "वोइच है. उसकू सब याद है. गादी प्यारी है, बस. दुनिया में ऐसे लोगां नै रहते क्या?" आणि तू पान कापता कापता, मान वर न करता म्हणायचीस, "ती इसरलीय."

"कशावरून?" मी विचारायचो.

"आरं, दुसऱ्या भागात पूर आला हुता न्हवं? नावाड्याचं घर बुडालं, सगळं गाव बुडालं, आन पोराचा पाळणा तेवढा उलटा, वरच्या अंगाला वाहत गेला. पानी उलटं कुनी वळीवलं? एवढ्या मोठ्या विद्येला लई मोठी आठवण जाळाया लागली आसंल की. तिच्यापाशी पोराबिगर मोठं काय हुतं?"

खाला हात थांबवून तुझ्याकडे बघायची. मग म्हणायची, "दिमाग तो है तेरेकू. पर मैं नै मानती."

मला तेव्हा हे नुसतं गोष्टीतलं वाटायचं. मग दादाची ती बातमी आली. दादा दोन महिन्यांसाठी म्हणून भिवंडीला यंत्रमागावर गेला होता, त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. भांडण झालं नव्हतं, कुणी टाकून बोललं नव्हतं. सणाला नाही, कार्याला नाही, पत्राचं उत्तर नाही. आपल्या गल्लीतला एक जण तिकडून आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "मावशी, भेटला की मला तुमचा थोरला. चांगला हाय तब्येतीनं. रस्त्यात नाव घिऊन हाक मारली. थांबला, माझ्याकडं बघितलं, आन म्हनला, कोन तुमी? आन गेला निघून." सांगताना तो हसला, पण कुणीच हसलं नाही. तू त्याला पाणी दिलंस. तो गेल्यावर म्हणालीस, "वळखलं नसंल त्यानं." मला मात्र राग आवरला नाही. तान्हेपणापासून एका गल्लीत वाढलेला माणूस ओळखू येत नाही म्हणजे काय?

त्यानंतर कादंबरीत मी खालाच्या बाजूला गेलो. उघडच. तू विसरण्याचं काही काढलंस की मी लगेच पुरावा द्यायचो. राणीने तान्ह्या मुलाचा चांदीचा वाळा पेटीत जपून ठेवलाय, ते कशाला, विसरली असेल तर? तू म्हणायचीस, वाळा कुनाचा ते ठावं नसंल, पर टाकवत बी नसंल. मी म्हणायचो, मग अंगाईचा आवाज ऐकून खिडकी बंद का करायला लावते? तू म्हणायचीस, कशानं रडू यायलंय ते कळंना, म्हनून. एकदा मी चिडून म्हणालो, "तुला काहीही सांगा, तू तुझंच खरं करणार! त्याला सगळं आठवतंय, सगळं!" तोंडून 'त्याला' गेलं, 'तिला' नाही. अक्काने सुपातली तंबाखू उगाच हलवली. तू कात्री खाली ठेवलीस आणि शांतपणे म्हणालीस, "वाचणाऱ्यानं वाचावं. उंबऱ्यावर बसून न्याव करू नगं." एवढंच. पण मी कान धरल्यासारखा पुढचं पान वाचायला लागलो, आणि जंगलाचं वर्णन असूनही दोनदा ओळ चुकलो.

शेवटचा भाग दुकानात यायला बरेच महिने लागले. आला तेव्हा आधी पाच-सहा जणांचे नंबर होते. तोपर्यंत सबंध गल्लीला ठाऊक झालं होतं. पिठाच्या गिरणीत बायका मला विचारायच्या, "काय रं, कळलं का राणीचं?" माझा नंबर लागला त्या सकाळी गेटवरून परत आलो होतो, आणि दुकानाच्या बाकावर बसूनच शेवटची पानं आधी काढली. मला माहीत होतं तू वाट बघतेस, आणि कशाची बघतेस तेही माहीत होतं. पुस्तकात राणीला मरणापूर्वी मुलगा भेटतो आणि विचारतो. आणि ती म्हणते, मला सगळं आठवत होतं. एक दिवसही मी तुला विसरले नाही. गादीसाठी केलं.

पुस्तक काखेत मारून निघालो. घरापर्यंतच्या रस्त्यात मी दोनदा मागे वळलो. वेगळं वाचावं असं मनात येऊन गेलं, नाही असं नाही. तिघींपैकी कुणाला कळणार होतं? पण खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचेचना. त्या लेखकासारखी वाक्यं माझ्याकडे कुठून येणार? आणि अर्ध्यावर अडखळलो असतो तर तू माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतंस. म्हणून जसं होतं तसं वाचलं. तुम्ही त्या दिवशी पानंही कापत नव्हतात. हात रिकामे ठेवून बसलेल्या तुम्हा तिघींना मी एवढंच एकदा पाहिलं. पलीकडच्या गल्लीतून मागांची खडखड येत होती, तीही मला नकोशी झाली. "मला सगळं आठवत होतं," हे मी वाचलं, आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवून थांबलो.

खाला टाळी देत म्हणाली, "देख्या? मैं बोली थी की नै!" आणि तुझ्याकडे नजर जाताच तिचा हात तसाच राहिला. "जाने दे गे," ती हळू आवाजात म्हणाली, "किताब की बात है."

तू विचारलंस, "कोन म्हनतंय असं?"

"राणी," मी म्हणालो. "स्वतःच्या तोंडाने."

"म्हनंल की." तू सूप मांडीवर ओढलंस. "ज्याचं जळून गेलं, त्याला काय जळालं ते ठावं असतंय व्हय? रिकाम्या जागी तिनं गादी ठिवली आन तेच खरं धरून बसली. मरताना बी तेच बोलणार."

"आई, लेखकाने लिहिलंय!"

"तिच्या तोंडचं लिवलंय त्यानं. पोटातलं त्याला काय म्हाईत? त्यो काय तिच्या घरात ऱ्हायला हुता?"

आता अक्का सरसावली. ती म्हणाली, "मी काय सांगतेय, ती राणीच नव्हती! दुसऱ्याच बाईला काय आठवणार, काय विसरणार?" आणि मग खाला आधी हसली, मग अक्का, मग तूही. डोळ्यांना पदर लावून हसलीस. मला कळेना की हे काय चाललंय. सात-आठ भाग वाचून काढले, शेवट कळला, आणि एकीनेही आपली जागा सोडली नाही. पुस्तक परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काय, पटला का शेवट?" मी म्हणालो, "आमच्याकडे नाही पटला." "म्हणजे?" म्हणाला. मी भाड्याचे पैसे मोजून दिले आणि निघालो.

पुढे तू गेलीस तेव्हा दादाला तार केली. तो आला नाही. मी तुझ्यासारखा नाही आई, मी ते धरून ठेवलं. आणि मग इतक्या वर्षांनी, केस पांढरे झालेला, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेला तो दारात येऊन उभा राहिला. पिशवीत केळी होती. मी सून घरात नसल्याने स्वतःच चहा टाकला आणि साखर घालायची विसरलो. त्याने तसाच प्यायला. तुझ्या फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "नथ हुती व्हय तिला?" म्हटलं, फोटोवाल्याने वरून रंगवलीय. मग घराच्या भिंतींबद्दल बोललो, त्याच्या डोळ्याबद्दल बोललो. मी कित्येक वर्षं एक प्रश्न घोकून ठेवला होता, राणीच्या मुलाने विचारला तसाच. तू विसरला होतास, की तुला सगळं आठवत होतं? तो ओठांवर होता. मी विचारलं, गाडी किती वाजता आहे.

तो अजून भिवंडीतच आहे. त्याच्या नातवाचा फोन नंबर माझ्या डायरीत आहे. तुझ्या पणतीला सांगितलं तर ती आत्ता लावून देईल. सकाळपासून ती तिच्या जादूगाराची बाजू घेऊन भांडते आहे, आणि मी तिच्याकडे बघत इथे लिहीत बसलोय, आणि हे पत्र कुठे टाकायचं नाही हेही मला ठाऊक आहे. फोन करणार नाही. त्याने सांगितलं असतं की सगळं आठवत होतं, तर तू 'म्हनंल की' म्हणून सूप पुढे ओढलं असतंस. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला असता, आई. म्हणून विचारलं नाही.