कॅनव्हासचा पट्टा

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. एक तारखेला दुकानाला कुलूप, दोन तारखेला बाबा तुझ्याकडे, तीन तारखेला डॉक्टर. सगळं आखूनच टाकलंयस. वहिनीने त्यांच्यासाठी खिडकीजवळची खोली रिकामी केली हे वाचून बरं वाटलं, तिला तसं सांग. तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. तोंडी बोलायला गेले की तू मध्येच तोडतोस आणि मग मी चिडते. म्हणून हे कागदावर.

अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला तेव्हापासून चार महिने दुकान बंदच होतं. ते रोज सकाळी उठायचे आणि वाढलेल्या दाढीवरून डावा हात फिरवत बसायचे. माझ्या नवऱ्याने त्यांना दाढीची कोरी मशीन आणून दिली, ती त्यांनी खोक्यातून बाहेरही काढली नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या केलेला माणूस स्वतः जंगल वाढवून बसलेला मला बघवेना. एका सोमवारी मी शिवणकाम बाजूला ठेवलं, दुकान उघडलं आणि त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. त्यांनी भिंतीवरच्या चामड्याच्या पट्ट्याकडे बघितलं. वस्तरा पट्ट्यावर फिरवल्याशिवाय कुणाच्या गालाला लावायचा नाही, हे तर आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ.

तो पट्टा बंद दुकानात उन्हाने वाळून पार तडकला होता. हातात घेतला तर मधोमध दुभंगला. बाजारात विचारलं तर दुकानदार हसला आणि पात्यांचं पाकीट पुढे केलं. मी पण कमी नाही. दुकानासमोरचं कॅनव्हासचं छत वादळात फाटलं होतं, ते मी मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलं होतं. त्यातला ऊन न लागलेला भाग कापला, गरम पाण्यात दोनदा धुतला, वाळवून कडक इस्त्री केली. हातभर लांब, पंजाएवढा रुंद, दुहेरी. एका टोकाला जुन्या पिशवीची कडी, दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. आणि मग माझ्यातली शिंपीण जागी झाली. दोन्ही पदर सरकू नयेत म्हणून मी त्यावर आडव्या शिवणी घातल्या. एक-दोन नाही, नऊ. एकही टाका वाकडा नाही, स्वतःवरच खूश झाले.

बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि किती महिन्यांनी हसले. जीभ अजून जड आहे त्यांची, पण शब्द अगदी स्पष्ट आला: 'गोधडी.' तरी मला वाटलं, काय होतंय. वस्तरा टेकवला, पाठ पुढे, धार मागे, बरोबर त्यांच्यासारखा, आणि प्रत्येक शिवणीवर पातं टुणकन उडालं. तिसऱ्या ओढीला दोरा कापला. धारेखाली दोरा येता कामा नये, सपाट कापडच हवं, हे न्हाव्याच्या घरात वाढून मला कळलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. रविवारचा अख्खा दिवस बसून नऊच्या नऊ शिवणी उसवल्या, दोन्ही पदर खळीने चिकटवले, आणि शिवण ठेवली ती फक्त कडांना.

तुला तो दिवस आठवतो का? बाबांनी वस्तरा तुझ्या हातात दिला होता. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला आणि तू पायरीवर जाऊन बसलास. मी खुर्चीच्या मागे उभी राहून सगळं बघत होते. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी मला शिवणयंत्र मिळालं. मला तेव्हा राग आला होता दादा, आणि खोटं कशाला बोलू, अजून थोडा आहे. तुझ्यावर नाही. तुला नको होतं ते तुझ्या गळ्यात पडलं, त्यात तुझी काय चूक.

तर, बाबांची दाढी मी केली. एक तास लागला. कॅनव्हासचं एक टोक खुर्चीच्या हाताला अडकवायचं आणि दुसरं ताठ ओढून धरायचं, ते बाबांनी डाव्या हाताने धरलं. गळ्यापाशी आले तेव्हा माझा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. त्या एका गोष्टीने माझा सगळा जुना हिशेब निम्म्यावर आला. आता मंगळवारी आणि शनिवारी आम्ही दुकान उघडतो. मास्तर येतात, बेकरीवाले काका येतात, अजून तिघे. पट्टा बाबा धरतात, वस्तरा मी. मास्तरांच्या कानाखाली मी एकदा ओरखडा काढला, तर बाबा मला त्यांच्यादेखत असं बोलले की ऐकून मास्तरच माझी बाजू घ्यायला लागले.

आता मुद्द्याचं. बाबा तुला फोनवर 'ने मला' म्हणाले, ते खरं नाही. परवा पट्टा धरून बसले असताना ते मला म्हणाले की त्यांना कुठेही जायचं नाही. मग दादाला तसं का सांगितलं नाहीत, म्हटलं, तर खाली बघत म्हणाले, 'तो एवढं करतोय, नाही म्हटलं तर रागावेल.' ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने आपण अंथरुणातून ताडकन उठायचो, ते बाबा आता तुला घाबरतात. कोण जाणे, मलाही घाबरत असतील. हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. तो शब्द आज मोडतेय. तू एक तारखेला जरूर ये. पण कुलूप आणू नकोस. त्यांच्यासमोर बस, त्यांना विचार, आणि विचारून झाल्यावर थोडा थांब. हल्ली त्यांना 'नाही' म्हणायला वेळ लागतो.

तुझीच,
तूच नाव ठेवलेली,
सुई