लाल ट्रॅक्टरला बटण

१३ मे

डॉक्टरकडे जाऊन आलो. पोरगेलासा डॉक्टर, नुकती दाढी फुटलेला! छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "व्हर्लिन, झडप सैल झालीय. जोर लावायचा नाही. ते ट्रॅक्टरचं हँडल मारणं आजपासून बंद." याला हँडलचं कोणी सांगितलं? मीच! गेल्या खेपेला फुशारकी मारताना.

घरी आलो तर अर्डिस दारातच. "काय म्हणाला?" म्हटलं, "ठणठणीत!" ती "हं" म्हणाली आणि कॉफी ओतली. बायकोच्या जिवाला उगीच घोर नको.

१४ मे

ऊन पडलं, म्हणून लालला, माझ्या ट्रॅक्टरला, बाहेर काढलं. दुसऱ्या हँडलला सुरू! एवढं वय झालं तरी आवाज कसा ठोक. नंतर मी थोडा वेळ टायरला टेकून बसलो. ऊन जरा जास्तच होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून अर्डिस ओरडली, "अंगठा गुंडाळू नकोस! बोटांच्या बाजूला ठेव!" घ्या! मला शिकवते. हँडल उलटं आलं की अंगठा मोडतो, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जन्मभर ऐकून ऐकून तिलाही पाठ झालंय.

२० मे

आज नाश्त्याला बॉम्ब पडला. अर्डिस म्हणाली, "ऑगस्टच्या मेळ्यात बायकांची ट्रॅक्टर फेरी आहे. मला लाल हवाय." मी म्हटलं, ने की! मी सुरू करून देतो. तर म्हणे, "रस्त्यात बंद पडला तर? हँडल मला झेपायचं नाही. सेल्फ बसव. बटण दाबलं की सुरू झाला पाहिजे."

सेल्फ! म्हणजे बॅटरी आली, कॉइल आली, वायरी आल्या — आणि मॅग्नेटो गेला. अरे, मॅग्नेटो! बॅटरी नको, काही नको. फिरवा की स्वतःच ठिणगी पाडतो. बाबांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी नवा आणला तसाच्या तसा आहे लाल. मेळ्यात 'मूळ रूपातला' म्हणून दरसाल पहिल्या बक्षिसाची निळी फीत याचीच. बटण बसवलं की फीत गेली.

२१ मे

नाही म्हणजे नाही.

२५ मे

अर्डिस रागावलेली नाही. तेच जास्त वाईट. रुबार्बचा मुरंबा केला, मला वाटीभर दिला, गाणं गुणगुणत होती. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

२ जून

चर्चनंतर तिथल्याच तळघरात कॉफीला डेल्मार क्रूझने गाठलं. या डेल्मारने अख्ख्या तालुक्याचे ट्रॅक्टर सहा व्होल्टचे बारा करून टाकलेत; त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरवर तर ख्रिसमसच्या झाडापेक्षा जास्त दिवे. "काय रे, बायकोला बटण देत नाहीस म्हणे?" सगळ्यांसमोर! "बाईने जन्मात तुझ्याकडे काय मागितलं? डिशवॉशर तरी मागितला का?"

नाही मागितला. गाडीतून येताना आठवून पाहिलं. बहात्तर साली माझा पाय मोडला, तीन वासरं, कडेवर पोर आणि वर आजारी मी — तेव्हासुद्धा तिने काही मागितलं नाही. पेरणी तेवढी माझ्या भावाने उरकली. देव त्याचं भलं करो. तिथे वर तरी त्याला चांगली बियर मिळत असेल.

३ जून

डेल्मारला फोन केला. "ये बाबा, आणि दात काढायचे नाहीत." पहिल्यापासून शेवटपर्यंत दात काढले त्याने.

९ जून

मॅग्नेटो उतरवला. दोन बोल्ट. बस्स, एवढंच! मला वाटलं होतं निदान एखादा बोल्ट तरी अडून बसेल. बाबांच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून फळीवर ठेवला. डेल्मार पाना शोधायला गेला तेव्हा मला रडू आलं. खोटं कशाला लिहू?

२३ जून

सेल्फला पकडायला इंजिनच्या जड चाकाला दात हवेत, म्हणून अर्धं इंजिन उलगडलं. दात्यांची कडी भट्टीत तापवून चाकावर चढवली. डेल्मार सूचना देतो, मी सहन करतो. उचलायचं काही निघालं की अर्डिस नेमकी तेव्हाच अंगणात येते — "डेल्मार, तू तरुण आहेस, तू धर." डेल्मार एकाहत्तर वर्षांचा!

४ जुलै

जोडणी पुरी! डेल्मार म्हणाला प्लगच्या वायरी तो लावतो, मी म्हटलं माझा ट्रॅक्टर, मी लावणार. लावल्या. बटण दाबलं — धडाम! सायलेन्सरमधून जाळ, मांजर छपरावर, अर्डिसच्या वाळत घातलेल्या चादरीवर काजळी! एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या होत्या. ठिणगी ओळीने पडत नसते, एकानंतर तीनचा नंबर असतो, हे मी पोरवयापासून जाणतो. डेल्मार गवतावर लोळून हसत होता. अर्डिसने चादर काढली, म्हणाली, "चार जुलै, स्वातंत्र्यदिन आहे, आवाज हवाच."

वायरी बदलल्या. बटण दाबलं. सुरू. एवढं सोपं असणं बरं नव्हे.

१५ जुलै

मक्याची कणसं आली. रोज तीच, कोणी कुरकुरत नाही. अर्डिसने शेताच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. गिअर बरे टाकते हो! उतरल्यावर म्हणाली, "रोज एकदा तूच सुरू करून ठेवत जा. बॅटरी भरलेली राहील." मला काय, बटण दाबायचं. हल्ली धापही लागत नाही. हवा बरी आहे यंदा.

बंद मात्र मी माझ्याच पद्धतीने करतो — पेट्रोलचा नळ फिरवायचा, कार्ब्युरेटर कोरडा पडला की इंजिन आपोआप थांबतं. बाबांची शिकवण. डेल्मार ओरडतो, "किल्लीही फिरव रे! मॅग्नेटो नाही आता, बॅटरी उतरून जाईल!" ठाऊक आहे, ठाऊक आहे.

१५ ऑगस्ट

मेळ्याचा पहिला दिवस. परीक्षकाने बॅटरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, पुढे गेला. फीत यंदा पलीकडच्या हिरव्याला. वाटलं होतं तेवढं लागलं नाही. संध्याकाळी लाल रांगेत उभा केला, नळ बंद केला, इंजिन थांबलं. डेल्मारबरोबर दालचिनीचा रोल खायला गेलो.

१६ ऑगस्ट

किल्ली!

सकाळी बायकांची फेरी सुटायची वेळ. झेंडे, टोप्या, अर्डिस नव्या निळ्या शर्टात लालवर बसलेली. बटण दाबलं — टक्. परत दाबलं — टक्. रात्रभर किल्ली चालू! मागच्या बायका हॉर्न वाजवायला लागल्या. डेल्मार म्हणाला, "सेल्फला दम नाही, पण ठिणगीपुरती बॅटरी उरली असेल. हँडल मारा!"

मी हत्यारांच्या खोक्यातून हँडल काढलं आणि पुढे वाकलो. माझी चूक, मीच निस्तरणार. एवढ्यात अर्डिस खाली उडी मारून आली. उडी! "बाजूला हो," म्हणाली आणि माझ्या हातातून हँडल घेतलं. नळ उघडला. हँडल खालून धरलं, अंगठा बोटांच्या बाजूला, पाय फाकवून — पाव वळसा वर, झटक्यात. खोकला. परत पाव वळसा. सुरू!

हँडल सीटखाली टाकून ती निघून गेली. बायका टाळ्या वाजवत होत्या. मी धुळीत उभा.

१७ ऑगस्ट

भांडी पुसता पुसता विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, "तुझा पाय मोडला होता तेव्हा. पेरणी तुझ्या भावाने केली असं तुला वाटलं? तो तर अकराला उठायचा."

मग बटण कशाला मागितलंस?

"दवाखान्यातली नर्स घरच्या फोनवर फोन करते, व्हर्लिन. फोन मी उचलते."

रात्री सीटखाली पाहिलं. हँडल नाही. तिने कुठे ठेवलंय, विचारलं नाही.