खाणीवरचे भाडोत्री सैनिक

प्लेनो, टेक्सस

तीर्थस्वरूप आईस,
चारुताचा सादर नमस्कार.

काल मी जिंकले! मोझांबिकमधील आमच्या कंपनीच्या खाणीवर भाडोत्री सैनिक नेमण्याचा करार संचालकांनी रद्द केला. या सैनिकांच्या गोळीने गावकरी दगावल्यास जबाबदारी कोणाचीच नाही, असे कलम एकशे चाळिसाव्या पानावर दडवले होते. कायदेतज्ज्ञ म्हणून माझी सही आवश्यक होती.

"यार, एवढं कोण वाचतं?" सहकारी परीक्षित हसला.

"ज्याला सही करायची असते तो," मी म्हणाले, आणि सही नाकारली.

आता पहाऱ्यावर त्याच गावातील माणसे असतील.

आमचे साहेब कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत. माझ्या व्हिसाची मुदतवाढ त्यांच्याच हाती आहे, परंतु तू काळजी करू नकोस. गुडघ्याचे व्यायाम मोजून करतेस ना?

तूर्त माझे पुस्तकांचे कपाट कोणाला देऊन टाकू नकोस.

तुझीच,
चारुता