आप्पा ट्रॅकवर पुढे निघून गेले

मंगळवार, संध्याकाळ. अल ऐन

पाय भरून आलेत, तरी लिहिते. हॉस्पिटलच्या लॅबमधून घरी आले, तर सासरे, म्हणजे आप्पा, बूट घालून दारातच उभे. सायकल ट्रॅकवर जायचं होतं. अंगात त्राण नव्हतं, पण नाही कसं म्हणायचं?

ट्रॅकवर गाड्या नसतात, म्हणून तर त्यांना तिथे सायकल चालवू देतो. तरी प्रत्येक वळणावर ते हात बाहेर काढून दाखवतात. कोणाला दाखवतात? मागे फक्त मी असते.

आज मी पाणी प्यायला थांबले आणि ते पुढे निघून गेले. हाका मारल्या, पण मागे बघितलं नाही. वळणावर हात मात्र दाखवला. धाप लागेपर्यंत पायडल मारले, तेव्हा खजुरीच्या झाडांपाशी उतरून उभे असलेले दिसले.

"आप्पा, थांबायचं ना!"

त्यांनी माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं. "बाई, साताऱ्याला हाच रस्ता जातो ना?"

"जातो," म्हटलं, "पण आता घरी जाऊ."

निमूट आले. गाडीत बसल्यावर मला नावाने हाक मारून चहा मागितला.

मग नवऱ्याचा अबू धाबीहून फोन. "आप्पांची राइड कशी झाली?"

सांगितलं तर उद्यापासून सायकल बंद. मग ते दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेले. "छान झाली," म्हटलं आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने मीच परत लावला. "सुहास, छान नाही झाली. तू घरी ये."